उशिराची उत्तरं वगळून

२ जून, सोमवार
आजपासून नोकरी! बंगळूरचं बेळ्ळंदूर, नववा मजला. काचेतून तलाव दिसतो, आणि इतक्या वरून तो चक्क सुंदर दिसतो. पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर जन्म काढलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझं ओळखपत्र दोनदा हातात घेऊन पाहिलं. घरातली पहिली पदवीधर मी. आमचा डेटाबेस रुग्णालयांसाठी आहे. रुग्णाची नाडी बिघडली की दोनशे मिलिसेकंदांत इशारा गेला पाहिजे. नंतर गेलेलं बरोबर उत्तरही फुकट. ते जमतं का, हे तपासणं माझं काम.

४ जून
चाचणीतले रुग्ण आम्हीच. नवीन माणूस आला की त्याचं नाव यादीत घालायचं, ही इथली पद्धत. बारा नावं, प्रत्येकामागे हजार खाटांचा भार. तो रोज वाढवत न्यायचा. शेजारी बसणारी दिव्यश्री अक्का म्हणाली, स्वल्प गंमत असते, बाकी काम कंटाळवाणं.

५ जून
निकाल नेहमी शंभर टक्के का येतो ते कळलं. उशिरा आलेली उत्तरं हे आधी काढून टाकतात आणि मग टक्केवारी काढतात! विचारलं तर पुण्याचा शुभंकर हसला. "अगं, लेट म्हणजे आउटलायर. तुमच्या कॉलेजात नव्हतं का हे?" अण्णांच्या शेडमध्ये सातवी नापास माणूसही रिजेक्ट पार्ट मोजून लिहितो. आणि हे इंजिनिअर. आमचे साहेब वेणुगोपाल म्हणाले, अहवाल ग्राहकासाठी असतो, मनाच्या समाधानासाठी नाही. शर्टाची इस्त्री मात्र कडक.

९ जून
शुभंकरच्या नावाचं उत्तर दोनशे चौदा मिलिसेकंदांनी आलं. साहेबांनी ओळ काढून टाकली. दुपारी त्याची खुर्ची रिकामी. कामचुकार.

१० जून
कोण शुभंकर, असं विचारतात. अक्कासुद्धा. त्याच्या मगमध्ये तिची पेनं आहेत. इतकं सफाईदार खोटं बोलायची यांची कुवत नाही, म्हणूनच भीती वाटते.

११ जून
साहेब, दोनशे तीन. त्यांची ओळ मी ठेवली होती. आपोआप गेली. केबिनमध्ये आता कागदाची खोकी आहेत. अहवालावर सही माझी लागते म्हणे, पहिल्यापासून.
ज्याचं उत्तर उशिरा, तो माणूसच वगळला जातो.

१२ जून, सकाळी अकरा
चाचणी थांबवली. थांबत नाही. माझं नाव — एकशे ब्याण्णव. काल एकशे साठ होतं.
एकशे सत्त्याण्णव.
भार कमी झाला तर — यादीतलं एखादं नाव काढलं तर —
अक्कानं डबा उघडलाय. म्हणते, "ये गं, चित्रान्न गार होतंय."
तिचं नाव काढलं.
एकशे एक्काहत्तर.
डब्यातून अजून वाफ येते आहे. खुर्ची —

साडेअकरा
पुन्हा चढतंय. एकशे नव्व्याण्णव — आता मालनबाई. नुसता चहा तर देतात, चौथी शिकलेल्या, यांना यादीत घेतलंच कशाला होतं कुणास ठा