नऊवार पातळ आणि हातातली बॅग

३ मार्च, मंगळवार

तिकीट आलं! रविवारी विमान. जन्मात पहिल्यांदा, तेही एकट्याने. लेकीचे दिवस भरत आलेत. फोनवर तिने एकच गोष्ट मागितली — आईची जुनी साडी. बाळाला पहिल्यांदा त्यातच घ्यायचं म्हणते. बाकी सगळं तिकडे मिळतं.

ट्रंकेतून हिचं निळं पातळ काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं झालंय. हे मोठ्या बॅगेत टाकणार नाही. शेजारच्या पोस्टमास्तरांची बॅग एकदा भलत्याच देशात गेली, ती गेलीच. पातळ माझ्या मांडीवर बसून जाणार.

४ मार्च, बुधवार

घात झाला. सूनबाईने मोबाइलवरून नियम वाचून दाखवले. ब्लेड नको, कात्री नको. मान डोलावत होतो. शेवटी म्हणाली, "आणि अण्णा, हातातल्या बॅगेत पातळ काही ठेवायचं नाही. ते सगळं मोठ्या बॅगेत."

मी विचारलं, जुनं असलं तरी? म्हणाली, जुनं काय नि नवं काय, पातळ ते पातळ.

पातळाने विमानाचं काय बिघडतं? लांब असतं म्हणून असेल. कुणाचा गळाबिळा आवळला तर — असा विचार करत असतील. पण मोठी बॅग हरवली तर लेकीला काय तोंड दाखवू?

५ मार्च, गुरुवार

सुचलं! बॅगेत चालत नाही, अंगावर तर चालेल. शर्टाखाली पोटाला गुंडाळून पाहिलं. वर कोट. बटणं लागेनात. सवय व्हावी म्हणून तसाच जिना चढलो-उतरलो. पोस्टमास्तर भेटले. म्हणाले, लेकीच्या आधी तुम्हीच बाळंत होताय की काय!

घामाने जीव गेला. पण जमेल.

६ मार्च, शुक्रवार

सूनबाईने पकडलं. पोट का वाढलंय म्हणून डॉक्टरकडे न्यायला निघाली होती, मग सांगावंच लागलं. हसता हसता जमिनीवर बसली बिचारी. "अहो अण्णा, पातळ म्हणजे तेल, औषध, शाम्पू. आईंचं पातळ नव्हे."

मग लिक्विड म्हणायचं ना सरळ! एरवी घरात अर्धं इंग्रजी चालतं, नेमकं इथेच मराठी आठवलं.

खोकल्याचं औषध नि तेल मोठ्या बॅगेत. पातळ कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून हातातल्या बॅगेत. काचसामानाच्या दुकानात पुडकी बांधण्यात जन्म गेला, माझी गाठ सुटायची नाही. आज पोटभर जेवलो.

८ मार्च, रविवार

विमानतळावर बसून लिहितोय. तपासणी झाली एकदाची! 

तपासणीवाल्या मुलीने पुडकं उचललं. आत काय, म्हणाली. घाबरलो की माझ्या तोंडून खरंच निघतं. म्हटलं, पातळ आहे.

तिने ते लगेच बाजूला ठेवलं. किती आहे?

"नऊवार."

ती माझ्याकडे बघतच राहिली. उघडा म्हणाली. गाठ सुटेना. मागे रांग कुरकुरायला लागली. मी तिच्याकडे सुरी मागितली, तर आणखी दोघं धावत आले! शेवटी एकाने दात लावून सुतळी तोडली. निळं कापड दिसलं तशी मुलगी हसली, "साडी म्हणा की आजोबा."

तिने स्वतः घडी घालून दिली. आता मांडीवर आहे. खिडकीतून विमान दिसतंय. केवढं ते धूड!

१० मार्च, मंगळवार

जुळं! एक मुलगी, एक मुलगा. दोन आहेत हे घरात सगळ्यांना कधीपासून ठाऊक होतं. अण्णा घोर लावून घेतील म्हणून फक्त मला सांगितलं नाही.

रागवायला सवड कुठली! नर्स दोघांना घेऊन समोर उभी. पातळ एकच. लेकीने मान डोलावली.

मधोमध फाडलं.