तो कोट तुमचा नव्हता

नाना,

मी नोकरी सोडली आहे. म्हणजे अजून पुरती सुटलेली नाही. राजीनामा साहेबांच्या टेबलावर आहे, उद्या सोमवारी त्यावर सही होईल, आणि तोवर मला तो परत घेता येतो, अशी आठवण आमचे बडे बाबू रोज एकदा करून देतात. आज रविवार. आई जेवून आडवी झाली आहे, खाली गल्लीत कोणीतरी काठी आपटून माकडांना हाकलतंय, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला घेतलं तर सगळंच एकदम पुढे येऊन उभं राहतंय. खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. ती शेवटी सांगते, आधी जरा धीर गोळा करू द्या.

नोकरी माझी असती तर मी इतकी परेशान झालेच नसते. पण ती तुमची आहे. तुम्ही बावन्नाव्या वर्षी, नोकरीत असतानाच गेलात, म्हणून घरातल्या एकाला ती मिळाली. इथे त्याला ‘मृतक आश्रित’ म्हणतात. माझ्या सर्व्हिस बुकातला पहिला कागद माझ्या डिग्रीचा नाही, तुमच्या मृत्यूच्या दाखल्याचा आहे. तुम्हाला मणिकर्णिकेवर पोचवून आलो, आणि तेरावा व्हायच्या आत फॉर्म घरी आला होता. तेवीस वर्षांची मी, तुमच्याच सेक्शनमध्ये, तुमच्याच खुर्चीवर बसले. येणारा कागद नोंदवायचा, जाणारा कागद नोंदवायचा. खुर्चीच्या पाठीवर तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. मी वर्षभर मागे टेकले नाही. मग कधी टेकायला लागले ते आठवत नाही, आणि आता तो डाग तुमचा किती आणि माझा किती हेही सांगता येणार नाही.

राजीनामा टाइप करून नेला त्या दिवशी बडे बाबूंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “अरे मैडम, ई नौकरी कोई छोड़ता है? एक आदमी मरा है, तब जाके मिली है।” माणूस चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. मग त्यांनी विचारलं, आता करणार काय? मी म्हटलं, फोटोग्राफी आणि कोचिंग. फोटोग्राफी त्यांनी सोडून दिली. कोचिंग म्हटल्यावर चेहरा जरा उजळला. “कौन सी? बैंक वाली कि रेलवे वाली?” आता त्यांना कसं सांगू की मी परीक्षा पास करून देत नाही, लोकांना नुसतं विचारते की तुम्हाला काय हवंय. आणि ऐकते. हे ऐकण्याचे कोणी पैसे देतं यावर माझाच अजून विश्वास बसत नाही, तर त्यांचा कसा बसावा!

तुम्हाला नीट सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल. तुम्ही गेलात तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात शोधाशोध झाली. लग्नातला होता, त्यात तुम्ही मुंडावळ्यांच्या आड. एक ऑफिसच्या ग्रुपमधला, त्यात कोणाच्या तरी कानामागे. शेवटी तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो स्टुडिओवाल्याने मोठा केला. त्यावर ऑफिसचा अर्धा गोल शिक्का होता, नेमका खांद्यावर. तो काही केल्या निघेना, म्हणून त्याने तुम्हाला कोट घातला. वर टायही लावला, तो त्याच्या मनाने. तुम्ही जन्मात कोट घातला नाहीत, थंडीत स्वेटरवर शाल आणि कानटोपी, एवढा तुमचा थाट. आई पहिल्या दिवशी तो फोटो बघून म्हणाली, “हे कोण?” मग हळूहळू तिला सवय झाली. जूनमध्ये लूच्या गरम झळा चालायच्या, आम्ही ओले पंचे अंगावर घेऊन पडलेलो असायचो आणि तुम्ही भिंतीवर कोट-टाय घालून.

म्हणून मी म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढते, नाना. चार वर्षांपूर्वी जुना कॅमेरा घेतला. बनारसमध्ये घाट आणि साधू टिपणारे पुष्कळ आहेत, माझी त्यात भर कशाला? मी घरात जाते. जिवंतपणी, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच कपड्यांत. मंगला गौरीच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या सुनेने मला बोलावलं आणि चोरट्यासारखी कुजबुजली, “त्यांना कळू देऊ नका हं कशासाठी ते.” मी तिपाई लावतेय तोवर गुरुजींनी विचारलं, “भिंतीसाठीच ना? मग चष्मा ठेवू की काढू? वर गेल्यावर काही दिसत असेल नसेल.” सून लाजून आत पळाली. गुरुजी आणि मी इतके हसलो की पहिले चार फोटो हललेले आले. तेच चांगले आहेत.

कोचिंग त्यातूनच सुरू झालं. कॅमेऱ्यासमोर माणूस आखडतो, मग मी कॅमेरा खाली ठेवून गप्पा मारते. म्हाताऱ्यांच्या सुना, लेकी येऊ लागल्या. फोटो नको, पण बसू का जरा, म्हणायच्या. रीतसर कोर्स केला, ऑनलाइन, आठ महिने. आता दर शनिवारी कोणी ना कोणी येतं. मागच्या शनिवारी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई दोन तास बोलल्या, पुढच्या दहा वर्षांचं सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाल्या, मला खरं म्हणजे फक्त झोपायचंय. मी त्यांना उशी दिली. त्या गेल्यावर मी आरशात पाहून म्हटलं, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्यांना वाट विचारायला शिकवते आणि स्वतः चौकात उभी. कारण ही तुमची नोकरी धरलं तर चावते, सोडलं तर पळते. सोडायचं ठरवलं की वाटतं, मी तुम्हाला दारातून बाहेर काढतेय. राहायचं ठरवलं की मानेपासून पायापर्यंत सगळं अंग जड होतं. आनंद झालाय की नाही, हेही मला नक्की कळत नाही. भूक मात्र लागते, हे चांगलं लक्षण असावं.

मला तो रविवार आठवतो. मी पंधरा वर्षांची, मामा इंदूरहून आलेला, त्याचा कॅमेरा माझ्या गळ्यात. आई मंदिरात गेली आहे आणि तुम्ही साबुदाण्याची खिचडी परतताय. हेच स्वयंपाकघर. खिडकीतून उजेड तिरपा तुमच्या खांद्यावर पडलाय, बनियनला तिथे ठिगळ आहे, आणि तुम्ही झारा हातात धरून खिचडीशी बोलताय, “चिकटू नकोस गं, चिकटू नकोस.” ऑफिसात तुम्ही असे कधी दिसला नाहीत. तिथे तुमचा आवाजही वेगळा असायचा. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तुम्ही चमकून वळलात. “रीळ वाया घालवू नकोस. मी काय बघण्यासारखा आहे? मामा काय म्हणेल!” मी म्हटलं, “नाना, एकच.” “एकदा सांगितलं ना? ठेव तो खाली.” तुम्ही माझ्यावर फारसे रागवायचा नाहीत, त्यामुळे ते मला फार लागलं. पण माझं बोट आधीच दाबलं गेलं होतं. खट् असा आवाज तुम्हालाही ऐकू गेला असणार. तुम्ही झारा जरा जोरात फिरवलात. मामाने इंदूरला रीळ धुऊन फोटो पोस्टाने पाठवले. त्यात तो आला की नाही, तुम्ही कधी विचारलं नाहीत.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी तुम्ही गोदौलियाच्या बाजारातून कोरं रीळ आणलंत आणि माझ्या पुस्तकांवर ठेवून दिलंत. कॅमेरा तर मामाबरोबर केव्हाच परत गेला होता. हे तुम्हाला माहीत नव्हतं, का माहीत असूनही आणलंत? मी इतक्या वर्षांत याचा अर्थ लावू शकलेले नाही. कधी वाटतं ती परवानगी होती, कधी वाटतं दुकानदाराने गळ्यात मारलं असेल. ते रीळ अजून माझ्याकडे आहे. आता ते कुठल्याच कॅमेऱ्याच्या कामाचं नाही.

राजीनाम्याचं सांगितल्यापासून आई बोलत नव्हती. डबा भरून द्यायची, तोच तुमचा तीन पुडांचा, पण तोंडाने एक शब्द नाही. बाराव्या दिवशी बोलली. “ती नोकरी त्यांची आहे. तू कोण सोडणारी? त्यांना एकदा पोचवून आलो, पुन्हा नाही पोचवायचं मला. नीट सोचून घे.” एवढंच, आणि भाजी निवडायला लागली. मी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले आणि समोर रामनगरच्या बाजूचं गंगेचं पाणी बघत रडले. माझं वय बेचाळीस आहे, नाना. आईच्या परवानगीशिवाय राजीनामा देता येतो, हे मला माहीत आहे. तरी पाय उचलत नव्हता.

मग परवा, शुक्रवारी, मी टेबल आवरायला घेतलं. तुमच्या टेबलाचा खालचा ड्रॉवर आठवतो? कुलूपबंद. त्याची किल्ली तुमच्यानंतर कोणाला सापडलीच नाही, आणि एकोणीस वर्षं मी त्याला पाय टेकून काम केलं. चपराशाने पेचकस घालून तो उघडला. संध्याकाळी घरी आले आणि आईच्या हातात तुमचा फोटो ठेवला. खिचडीचा. तिने चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बघितला. “हे तर आपलंच स्वयंपाकघर. आणि हे ठिगळ माझ्या हातचं.” मग मान वर केली. “कुठे मिळाला गं?”

“ड्रॉवरमध्ये.”

“त्यांच्या?”

“हो.”

तिने फोटोवरून पदर फिरवला. मग म्हणाली, “म्हणजे तुझ्या हातचा म्हणून जपून ठेवला होता. मला बोलले नाहीत कधी.” डोळे पुसले. “मग जा तू. सोड ती नोकरी. तिथे त्यांचं राहिलेलं तू घेऊन आलीस.” काल सकाळी तिने माझ्याकडून भिंतीवरची फ्रेम उतरवून घेतली, तिच्यात हा फोटो घातला आणि ताजा हार चढवला. “उतरला एकदाचा कोट,” म्हणाली आणि हसली. तुमच्यानंतर ती अशी हसलेली मला आठवत नाही.

ड्रॉवर रिकामा होता, नाना. दोन गंजलेल्या टाचण्या आणि वाळलेली शाई. फोटो माझ्या मार्कशीटच्या फायलीत होता, सत्तावीस वर्षं. पोस्टाने पाकीट आलं तेव्हा रागवाल म्हणून मी तो आधीच काढून घेतला होता. आता आईला खरं सांगितलं तर फोटो उतरेल, कदाचित राजीनामाही परत घ्यावा लागेल, आणि ते हसू जाईल ते वेगळंच. नाही सांगितलं तर उद्या सही होईल आणि मी मोकळी होईन, पण एका थापेवर. दर शनिवारी लोकांना म्हणते, स्वतःशी खरं बोला. मी कोणाला जाऊन विचारू?

तुम्ही म्हणायचात, नोंदवला नाही तो कागद आलाही नाही आणि गेलाही नाही. हा कागद कुठेच नोंदवणार नाही. तुम्ही आणलेल्या रिळाच्या डबीखाली घडी करून ठेवेन. फक्त एवढं राहिलं. तुम्ही गेलात त्या आठवड्यात स्टुडिओवाला फोटो मागायला दारात उभा होता, आणि हा फोटो आतल्या खोलीत आहे हे मला चांगलं आठवत होतं. ऑफिसचे साहेब भेटायला येणार होते. ओळखपत्र मीच काढून दिलं. मला त्या बनियनची लाज वाटली होती.