खाणीवरच्या जीपची आणि मागच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, दगडखाणीवरचा निवृत्त ड्रायव्हर, राहणार पाण्याच्या टाकीमागच्या तीन खोल्यांच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या डाव्या हाताने लिहीत आहे. उजवा हात कोपराखाली कामाचा राहिलेला नाही. तो का राहिला नाही ते पुढे येईल. डोके मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून, आजचा वार आणि इंजिनला सिलिंडर किती असतात ते विचारून, तसा दाखला दिला आहे. सिलिंडरचा प्रश्न मीच त्यांना सुचवला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला माणसे येऊन गेली, त्यांतले एक अजून लंगडते. माझी मुलगी कोठडीत असताना मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे.

कलम १. घर, शेड आणि त्याखालची जमीन, मागची खोली सोडून, माझी मुलगी बारकी हिला. मागच्या खोलीचे कलम ७ मध्ये पाहावे. स्वयंपाकघरात जिथे ओल येते तिथे वरून डांबर फासून उपयोग नाही. पाणी गच्चीच्या कोपऱ्यातल्या पाइपाशेजारून येते आणि भिंतीतून उतरते. माझ्या मुलाने, म्हणजे थोरल्याने, तिथे अनेकदा डांबर फासले. जिथे डाग दिसेल तिथे लिंपायचे हा त्याचा स्वभाव.

कलम २. जीप बारकीला. खाणीच्या मालकांनी ती भंगारात काढली तेव्हा मी घेतली. तेव्हा तिला खालचा पत्रा नव्हता, चालवताना पायाखालून रस्ता दिसायचा. माझी दिवंगत पत्नी तिला सवत म्हणायची, आणि सवतीला पुसायची फडकीही तीच फाडून द्यायची. थोरल्याला ग्रीसच्या वासाने मळमळायचे. बारकी शाळेतून आली की दप्तर बॉनेटवर टाकून माझ्याशेजारी गाडीखाली सरपटायची. पंधराव्या वर्षी तिने गिअरबॉक्स उतरवला. चढवताना मात्र दोन नट उरले, ते अजून डब्यात आहेत. गाडी चालते.

बारकीला ठाऊक आहे, तरी कागदावर असावे: चारही चाकांना जोर देणारे फोर-व्हील टाकण्याआधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधले हब हाताने फिरवून लॉक करावेत. तसे न करता दांडा ओढला तर पुढची चाके लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी नुसती बरोबर येतात, हात लावत नाहीत. स्प्रिंगच्या पाट्यांना आणि सांध्यांना ग्रीस पावसाळ्याआधी आणि नंतर. जॅकवर कधीही विश्वास ठेवू नये. काढलेले चाक आधी चेसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, आडवे सरकवावे, मगच स्वतः खाली जावे.

कलम ३. जावयाला माझ्या मिळकतीतून काहीही नाही. कोर्टात कोणी विचारलेच तर कारण असे.

हे स्थळ थोरल्याने आणले. जावई त्याचा ट्रान्सपोर्टमधला भागीदार. बोलायला साखर, आणि दाराआड पट्टा. पहिल्या वर्षी बारकीच्या गळ्याजवळचे हाड मोडले, तेव्हा आम्हाला सांगितले की जिन्यावरून पडली. दुसऱ्यांदा त्याने गरम इस्त्री तिच्या पाठीवर टेकवली. ते मला तिच्या शेजारणीने फोन करून कळवले. मी थोरल्याला विचारले, तर तो म्हणाला, "बाबा, नवरा-बायकोत आपण कशाला पडायचं? मी त्याच्याशी बोलतो." मी जीप काढली.

जावयाच्या बंगल्याला लोखंडी फाटक होते, आणि फाटकामागे त्याची नवी कोरी गाडी. तो आत उभा राहून कुलूप दाखवत होता. मी खाली उतरलो, डाव्या चाकाचा हब फिरवला, मग वळसा घालून उजव्याचा. तो नोकराला म्हणाला, "बघ, म्हातारा टायरच्या पाया पडतोय." मी आत बसून दांडा खालच्या, जास्त जोराच्या फोर-व्हीलला टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्याहून सावकाश, पुढे गेलो. जीप थांबली नाही. फाटक वाकले, बिजागऱ्या उखडल्या, फाटकाने गाडीला ढकलले आणि गाडी जाऊन पोर्चच्या खांबात घुसली. जावई दाराचा लाकडी अडसर घेऊन माझ्यावर धावला. त्याचा फटका माझ्या खांद्यावर बसला. मी चाकाच्या पान्याने त्याचे मनगट मोडले. याची शरम मला तेव्हा वाटली नाही आणि आज मरणाच्या काठावर बसूनही वाटत नाही.

बारकी घरातून चालत आली. नाकातून रक्त येत होते, ते तिने ओढणीने दाबून धरले होते. पुढच्या सीटवर बसली.  चौकात आल्यावर म्हणाली, "बाबा, पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतोय."

त्या फाटकाची एक बिजागरी जीपच्या बंपरला अडकून आमच्याकडे आली. ती शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. जावयाने मागितल्यास परत द्यावी. मागायला स्वतः यावे.

कलम ४. हत्यारे सर्व बारकीला, लोखंडी टॉमीसह. टॉमी म्हणजे जॅक फिरवायचा हातभर गज. पोलिसांनी ती पुरावा म्हणून नेली होती आणि निकालानंतर परत दिली. ती विकू नये.

चाकातला तो आवाज बेअरिंगचा होता. त्याच आठवड्यात, भर दुपारी, मी शेडमध्ये चाक काढून, ते चेसीखाली सरकवून, खाली आडवा होतो. उजवा हात ब्रेकच्या ड्रमखाली होता. बारकी बेअरिंग डिझेलमध्ये धूत होती. कुंपणाची कडी वाजली. थोरल्याचा आवाज आला, "बाबा, मीच आहे." म्हणून मी बाहेर आलो नाही. त्याच्या मागून आणखी बूट आत आले. जावई होता, आणि त्याचा एक माणूस.

थोरला म्हणाला, "समेट करायला आलेत."

जावई म्हणाला, "तिला गाडीत घाला. म्हातारा आहे तिथेच राहू दे." आणि त्याने जॅकला लाथ मारली.

जीप खाली आली. चेसी आडव्या चाकावर बसली म्हणून माझी छाती वाचली. ड्रम माझ्या हातावर बसला. त्या माणसाने बारकीचे केस धरून तिला ओढले, तेव्हा तिने डिझेलचा डबा त्याच्या डोळ्यांत रिकामा केला. तो भिंतीला धडकत बाहेर पळाला. मग तिने टॉमी उचलली. पहिला फटका जावयाच्या गुडघ्यावर. हाड फुटल्याचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. दुसरा जबड्यावर. तो माझ्या तोंडासमोर पडला आणि रक्त, दात थुंकू लागला. तिसरा फटका डोक्यात बसणार होता. मी ओरडलो, "बारके, आधी जॅक."

ती थांबली. तिने जॅक उभा केला, तीच टॉमी त्यात घातली आणि जीप उचलली. एकटीने. थोरला दाराशी उभा होता. तो तिथून हलला नाही.

कलम ५. बँकेतली ठेव बारकीला. त्यातून तिच्या वकीलबाईंना एक चांगले शिलाई मशीन घेऊन द्यावे. त्यांनी आमच्याकडून फी म्हणून फक्त जुन्या मशीनची दुरुस्ती घेतली, आणि ते मशीन दुरुस्तीपलीकडचे आहे.

कलम ६. थोरल्याविषयी. त्याने पोलिसांत जबाब दिला की जॅक आपोआप घसरला आणि बहिणीने विनाकारण हल्ला केला. त्या जबाबावर बारकी कोठडीत राहिली. तिथे दुसऱ्या कैदी बाईने तिचा कान फाडला. तेव्हा मी पहिले मृत्युपत्र केले आणि त्यात थोरल्याचे नावही घातले नाही.

खटला उभा राहिला. थोरला पिंजऱ्यात आला. सरकारी वकिलांनी विचारले, "जॅक कसा पडला?" त्याने कठडा धरला. मग म्हणाला, "लाथ मारून पाडला. मी पाहिलं. कडी मीच काढली होती."

तो का फिरला हे त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. बारकी सुटली. जावयाला शिक्षा होण्याआधी त्याच्या माणसांनी थोरल्याला त्याच्याच ऑफिससमोर गाठले. गजांनी पाय मोडले. "तोंड उघडलंस ना," असे म्हणत पुढचे दात पाडले, तोंडात वाळू कोंबली. लोक दुकानांच्या पायऱ्यांवरून बघत होते. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, उजव्यात सळई आहे. सून माहेरी गेली, ती परतली नाही. मी त्याला मागच्या खोलीत आणले. बारकी त्याचे ताट दाराशी ठेवते. ताट गरम असते. पण त्याच्याशी ती एक अक्षर बोलत नसे.

कलम ७. मागची खोली, तिच्या वेगळ्या दारासह, थोरल्याला तो जिवंत असेतो. त्याला तिथून कोणी काढू नये. तो गेल्यावर खोली बारकीची.

हे कलम मी गेल्या महिन्यात ठरवले. बारकीने ब्रेकचा मुख्य सिलिंडर बदलला होता. नळीत हवा शिरली होती, पेडल पोकळ लागत होते. हवा काढायला दोन माणसे लागतात: एक चाकाशी पाना घेऊन, एक पेडलवर. माझ्या छातीत आता तेवढा दम नाही. कोपऱ्यावरचा वेल्डर येतो एरवी, पण त्याचे दुकान बंद होते. ती पाना हातात घेऊन बराच वेळ अंगणात उभी राहिली. मग मागच्या खोलीपाशी गेली आणि दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली, "ब्रेकमध्ये हवा आहे."

तो कुबड्यांवर आला. कसाबसा सीटवर चढला. ती चाकामागे खाली बसली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव." तिने नट सैल केला, तेलाबरोबर बुडबुडे आले, तिने नट आवळला. "सोड."

चारही चाके अशी झाली. सळईच्या पायाने तो दाबत होता, आणि घाम त्याच्या हनुवटीवरून स्टिअरिंगवर पडत होता. शेवटी तिने विचारले, "घट्ट लागतंय?"

"लागतंय."

ती हात धुवायला आत गेली. तो सीटवर तसाच बसून राहिला, पेडलवर पाय ठेवून.

बारकीने त्याला माफ करावे अशी अट मी घालत नाही. तो अधिकार मिळकतीत मोडत नाही, म्हणून तो मला कोणाच्या नावे करताही येत नाही.

वरचे सर्व मी वाचले, मला समजले, आणि काही खोडायचे नाही म्हणून खाली सही करतो.

सही (डाव्या हाताची): दगडखाणीवरचा ड्रायव्हर

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई, ज्यांनी तपासले
साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा वेल्डर, ज्याचे दुकान त्या दिवशी बंद होते

स्थळ: माझी शेड, हत्यारांच्या टेबलाशी
दिनांक: १९ नोव्हेंबर