शेपटीच्या पावतीवरचा अर्ज

चि. धाकट्यास थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे, गुडघा नाही. तुझी तब्येत कळव. तुझ्या बायकोचीही कळव (तिचं दुखतंय हे कळवू नकोस, ते माहीत आहे, सध्या कुठे दुखतंय तेवढं कळव). हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येमध्ये "ताई, मुद्द्यावर ये" म्हणतोस. पत्राला मध्ये बोलता येत नाही. शिवाय आज लॉजच्या चादरी धुवायला आल्या नाहीत, बॉयलर थंड पडलाय, आणि माझ्यासारख्या बाईचे हात रिकामे राहिले की कुणाला तरी ते भोगावं लागतं.

तर बातमी अशी, की तुझा अर्ज जिंकला. अरे, काय अर्ज लिहिलास! तू कचेरीत हेडक्लार्क आहेस हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण नुसतं माहीत होतं. आता पटलं. त्या कुत्रे-निरीक्षकाची बदली निघाली आहे. पुढच्या सोमवारी सुनावणी, की मग समुद्र सुटला आणि नगरपालिकेच्या गोदामात जन्मभर मोडके बाक सांभाळत बसायचं. आणि धाकट्या, ही बदली झाली तर मला आरशात बघायची सोय राहणार नाही. का, ते पहिल्यापासून सांगते, कारण तेव्हा मी तुला निम्मंच सांगितलं होतं, आणि तेही ओरडून.

आमच्याकडे समुद्रावर कुत्र्यांचे नवे नियम आले. जिन्याच्या तोंडाशी ही भलीमोठी पाटी, अकरा कलमं. मी चौथी शिकलेली, चौथ्या कलमापर्यंत पोचले तोवर आमच्या गठुड्याने पाटीच्या खांबावर तंगडी वर केली (त्याचं कलम नववं, हे मागून कळलं). गठुडं म्हणजे आमचं तांबडं कुत्रं, तू आलास तेव्हा तुझ्या बुटावर झोपलं होतं ते. मळक्या चादरींच्या गाठोड्यातून निघालं म्हणून गठुडं. असो. त्या पाटीचं सार एवढंच, की कोरड्या वाळूवर कुत्रं न्यायचं नाही, कारण तिथे माणसं बसतात आणि पोरं वाळू खातात. ओल्या वाळूवर चालेल, पण पट्टा हातात धरलेला हवा, तोही दोन मीटरच्या आत. आता ओलं कुठे संपतं नि कोरडं कुठे सुरू होतं यावर पहिल्याच दिवशी चार भांडणं झाली. म्हणून हा निरीक्षक भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात घालून, चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन, सगळ्या किनाऱ्यावर रेघ मारायला लागला. पाणी सरकलं की नवी रेघ. लोक त्याला रेघवाले म्हणतात. मी तेव्हा त्याला जे म्हणत होते ते पत्रात लिहीत नाही.

तर गठुडं ओल्या वाळूवर बसलं होतं, समुद्राकडे तोंड करून, शहाण्यासारखं. शेपटी मागे. रेघेच्या पलीकडे वीतभर. रेघवाले आले, वाकून बघितलं आणि पावती फाडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, शेपटी. मी म्हटलं, "आणि उरलेलं कुत्रं?"

"ते नियमात आहे, बाई. म्हणून त्याची पावती नाही केली."

मी म्हटलं, मग शेपटी कापून न्या कचेरीत, पुरावा होईल. तर म्हणतात, "त्याला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागेल." आणि हसले नाहीत रे! हसले असते तर मी तिथेच सोडून दिलं असतं. न हसणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, कारण तो खरं बोलत असण्याची भीती असते.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी तुला फोन केला, तू अर्ज लिहून धाडलास, मी सही ठोकली. "शेपूट हा श्वानाचा स्वतंत्र बाण्याचा अवयव असून त्यावर मालकाचे, किंबहुना खुद्द श्वानाचेही नियंत्रण राहत नाही" हे वाक्य मी इस्त्री करता करता तीनदा वाचलं आणि उशीचा अभ्रा जाळला. "सदर अधिकारी नागरिकांस त्यांच्याच श्वानांसमक्ष अपमानित करतात" इथे तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा इतका अपमान झालाय हे मला तोवर कळलंच नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, अजून काही सापडलं तर जोडपत्र लावू. म्हणून रोज दुपारी गठुड्याला घेऊन त्या माणसावर नजर ठेवायला जायला लागले. धाकट्या, माणसाचं वाईट बघायचं असेल तर लांबून बघावं. रोज जवळून बघितलं की घात होतो.

पहिली गोष्ट ती रेघ. दोरी नाही, काठी नाही, अनवाणी उलटं चालत फक्की सोडत जातात आणि रेघ अशी पडते की मी बघत राहिले. तीस वर्षं चादरींच्या घड्या घालतेय, सरळ म्हणजे काय ते मला कळतं. लाट येते, अर्धी रेघ पुसते. दुसरा कुणी समुद्राला शिवी घालेल. हे डबा उचलतात आणि पुन्हा तिथून सुरू करतात.

मग एक दिवस आमच्या नगराध्यक्षांची मंडळी आली, पांढरं लोकरीसारखं कुत्रं कडेवर घेऊन, भर कोरड्या वाळूतून. रेघवाले पुढे झाले. बाई म्हणाल्या, "याचे पाय वाळूला लागलेच नाहीत!" रेघवाले म्हणाले, "नियमात पाय नाहीत, कुत्रा आहे." आणि फाडली पावती! अगदी माझी फाडली तशीच, त्याच सुरात. मला वाटलं होतं हा गरिबाला बघून नियम काढतो. मी गठुड्याला म्हटलं, चल बाबा, आज जोडपत्राला काही नाही.

पण खरा घोटाळा म्हाताऱ्या शिंपीकाकांनी केला. सुया ओवता ओवता त्यांचे डोळे गेले. त्यांची कुत्री त्यांना रोज चार वाजता पाण्यापर्यंत नेते, पाय भिजवून परत आणते. दिवसभरात बाहेर पडणं तेवढंच. नियम आला आणि मध्ये शंभर पावलं कोरडी वाळू. होड्यांचा दगडी उतार आहे बाजूला, वाळूच नसल्याने तिथे कुत्र्याला मनाई नाही, पण शेवाळाने इतका निसरडा की आंधळ्याने जायचं नाव नको. रेघवाल्यांनी सूट मिळावी म्हणून तीनदा वर लिहिलं म्हणे. उत्तर नाही. तर हा माणूस रोज चारला काय करतो? कुत्रीला उतारावरून खाली नेऊन ओल्या वाळूतल्या खुंटाला दोरीने बांधतो, वर येतो, तिच्या पट्ट्याचं एक टोक काकांच्या हातात देतो, दुसरं स्वतः धरतो आणि पुढे चालायला लागतो. कुत्रीसारखाच. खळगा आला की थांबतो, काकांना कळतं. काका मागून "हळू गं" म्हणतात (सवय), आणि हा हळू होतो.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "साहेब, हे बसतं का नियमात?"

"पट्टा दोन मीटरच्या आत आहे, बाई," म्हणाले. आणि पुन्हा हसले नाहीत. मी घरी आले आणि त्या दिवशीच्या सगळ्या चादरींना दुप्पट खळ घातली. लॉजवाला म्हणाला, यावर झोपायचं की कौलं म्हणून घालायच्या?

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष स्वतः माझ्या दारात! बदलीचा कागद दाखवायला. पावतीचा राग त्यांच्या पोटात होताच, हत्यार हवं होतं, ते तू करून दिलंस आणि मी धार लावून दिली. म्हणाले, "तुमच्यासारखे जागरूक नागरिक हवेत." मी म्हटलं, बाजूला व्हा, वाफ लागेल. गेले नाहीत. मग लागली.

तशीच उठून नगरपालिकेत गेले, अर्ज मागे घेते म्हणाले. कारकून म्हणाला, लेखी द्या. मी तिथेच बसून लिहिलं: शेपटी बाहेर होती, माणूस चांगला आहे, त्याला राहू द्या, अर्ज मागे घेते. त्याने माझा कागद बघितला, तुझा अर्ज बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही त्या नाही." मी म्हटलं, मीच ती! तो म्हणाला, "'किंबहुना' लिहिणारी बाई असलं चार ओळींत उरकणार नाही. तुम्हाला त्या निरीक्षकानेच पाठवलं असणार. खऱ्या बाईंना घेऊन या." घ्या! माझ्याच अर्जावर माझाच हक्क नाही. ओळखपत्र आपटलं टेबलावर, तर म्हणतो, नाव जुळतं हो, पण भाषा जुळत नाही.

शेवटी रेघवाल्यांनाच जाऊन सांगितलं, की तो अर्ज माझा. मला वाटलं, आता तरी तोंड फिरवतील. ते म्हणाले, "मी वाचलाय. शेपटीचा मुद्दा बरोबर आहे. नियमात दुरुस्ती हवी, तसा शेरा मारून मीच वर पाठवला." मी म्हटलं, अहो, त्यानेच तुमची बदली होतेय! तर म्हणाले, "मुद्दा बरोबर असला तर काय करणार?" आणि डबा घेऊन गेले रेघ मारायला, पाणी चढत होतं. असा माणूस, धाकट्या, मी धुवायला टाकला.

बाकी इकडे सर्व ठीक. तुझ्याकडे माझं काही मागणं नाही, सहज लिहिलं. पोरांना आशीर्वाद.

तुझी
ताई

ता. क. सहज लिहिलं ते खोटं. अर्ज मागे घेतल्याचा अर्ज उलट टपाली लिहून पाठव, तशाच भाषेत. "किंबहुना" दोनदा घाल. नुसता मागे घेऊन भागणार नाही, अर्ज करणारी बाई तापट, भांडकुदळ आणि अर्धं ऐकून पूर्ण बोलणारी आहे असं सविस्तर लिही. काय काय लिहायचं ते तुला सांगायला नको, लहानपणापासूनचं सगळं तुझ्याकडे साठलेलं आहे. सही मी करते.

ता. क. दुसरा. फार मन लावून लिहू नकोस. एक पान पुरे.

ता. क. तिसरा. कागद सोमवारपर्यंत आला नाही, तर मी सुनावणीला उभी राहून माझ्या शब्दांत सांगणार आहे, नगराध्यक्षांच्या तोंडावर. त्यांची बायको, त्यांचं कुत्रं, सगळं. त्याने रेघवाले वाचतील, पण मला बहुतेक आत टाकतील, आणि मग गठुडं तुमच्याकडे येईल. तुझ्या बायकोला आत्ताच विचारून ठेव, पलंगाची कुठली बाजू ती सोडेल.