भुजंगप्रयात, पाच किलोमीटर

३ मार्च, पहाटे ५.३०
स्वप्नात गुरुजींची पट्टी बाकावर वाजली. टक्, टक्, टक्. साठ वर्षांपूर्वी त्याच ठेक्यावर आम्ही कविता म्हणायचो. जाग आली तर छातीत तोच ठेका, जरा जास्तच जोरात.
लेकीने धावपटूंचं घड्याळ पाठवलंय. पावलं, अंतर, नाडी, सगळं ॲपमधून तिला तिकडे दिसतं. अट अशी, की महिनाभर रोज तीन किलोमीटर. नाहीतर हे घर बंद करून तिच्याकडे राहायला जायचं. ही गेल्यापासून बारा वर्षं एकटा राहिलोय. तीन किलोमीटर म्हणजे किस झाड की पत्ती. उद्यापासून.

६ मार्च
उद्यापासून नक्की.

७ मार्च, स. ६.१५
धावलो. दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी डोळ्यांपुढे अंधारी. खांब उगाच लांब लांब रोवलेत. १८० मीटर. लेकीने मेसेज करून विचारलं, घड्याळ काढून ठेवलंत का?

९ मार्च
शोध लागला. आरामखुर्चीत बसून भुजंगप्रयात म्हटलं की हात हलतो आणि घड्याळ पावलं मोजतं. मंदाक्रांता म्हटली, तर त्याने 'चालणे' अशी नोंद केली. वृत्तांची जाण आहे त्याला. यात फसवणूक कसली? कविताही श्वासाचाच व्यायाम.

१८ मार्च
५.२ किमी. माझा विक्रम. ॲपने पदक दिलं. पोटऱ्या खरंच दुखताहेत.

२३ मार्च
जिना चढताना दोनदा बसलो. शेजारीण म्हणाली, काका, चेहरा पांढराफटक पडलाय, डॉक्टरांना दाखवा. मी तिला पदक दाखवलं. लोकांचा विज्ञानावर विश्वासच नाही.

२८ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, तुम्ही तर माझ्यापेक्षा फिट निघालात. काळजी मिटली, या शनिवारी काही मी येत नाही. बरं म्हणालो. घर वाचलं. जिंकलोच म्हणायचं.
संध्याकाळी खुर्चीत बसलो. एक ओळ आठवेल तर शपथ.

३० मार्च, शनिवार, स. ६.०५
बेल वाजली. लेकच, म्हणून धडपडत दार उघडलं. दारात जावई. अर्धी चड्डी, कपाळाला पट्टी. एकटे कधी आलेले नाहीत. म्हणाले, तुमचे आकडे बघून लाज वाटली मला. हिला न सांगता निघालो. चला, तुमचे रोजचे पाच करून येऊ.
ते खाली फाटकाशी कमरेत वाकताहेत. मी बूट शोधतो सांगून आत आलोय.
बूट समोरच आहेत.