ग्रीक पोथीवरचं कुंकू

१४ सप्टेंबर १९९८, बर दुबई
छडा लागला! जुन्या पोथ्या विकणाऱ्या आमच्या मन्सूरसाहेबांच्या ग्रीक हस्तलिखितातला (बायबलच्या स्तोत्रांवरचं भाष्य) मालकीचा शेरा खोटा आहे. कुणा भिक्षूने आधीच्या मालकाचं नाव खरवडून वर आपल्या मठाचं घातलंय. चोर लेकाचा. पोथी उतरवून काढणारेही दोघं. पहिला सुंदर लिहितो, अर्ध्यात थांबतो. मेला की कंटाळला, कोण जाणे. दुसऱ्याचं अक्षर गचाळ, पण शेवटी नाव त्याचंच.
पुण्यात फादरांकडे ग्रीक शिकले ते काय दुबईत नवऱ्याच्या व्हिसावर डबे भरायला? आता कॅटलॉग निघेल, त्यात माझं नाव. मन्सूरसाहेब इन्शाल्ला म्हणालेत. बघू.

२९ सप्टेंबर
देऱ्याच्या ऑफिसचा एसी बंद, खाडीची दमट हवा. म.साहेब: "मॅडम, किताब घर ले जाओ." शालीत गुंडाळून टॅक्सीने आणली. अब्रात, खाडीतल्या त्या डुगडुगत्या होडीत, बसायचा धीर नाही झाला. सासूबाई व्हिजिटवर आल्यात. त्यांना बजावलं, या कपाटाला हात लावू नका.

१ ऑक्टोबर, दसरा
आंघोळ करून येते तो पोथी देव्हाऱ्यापुढे पाटावर. उघडी. शेवटच्या पानाच्या समासात हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. सा.बा. शांतपणे, "अगं, आज सरस्वतीची पूजा. घरात एवढी जुनी पोथी, तशीच ठेवायची?" ओरडले. त्या रडल्या. नवरोबा दिलीप म्हणे, "पुसून टाक ना." जुना कागद आहे तो, फरशी नाही. पुसलं तर पानभर पसरेल.
नोकरी गेली.

५ ऑक्टोबर
म.साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं. मग, "किसी को मत बोलना." एवढंच. काढलं नाही मला. हुश्श झालं खरं, पण कुणाला सांगायचं नाही, ते का?

२४ नोव्हेंबर
लंडनहून डॉ. हार्लंड आले, गिऱ्हाइकाच्या वतीने पोथी तपासायला. कुंकू आता तपकिरी पडलंय. त्यावर भिंग धरून बसले. म्हणे, हा पूर्वेकडचा विधी, पोथी नक्की मलबारच्या ख्रिस्ती लोकांकडे होती! मी तोंड उघडणार तोच म.साहेब, "मॅडम, जरा चाय बोलो."
चहा सांगितला. एवढी शिकले, ती चहा सांगायला.

२६ नोव्हेंबर
म.साहेबांशी भांडले. "वो मेरी सास का कुमकुम है, साहब!"
"तो? मलबारवाली किताब का दाम डबल. खलास."
मग गोड आवाजात अट. पोथीचा इतिहास मी लिहायचा, मलबारसकट. नाव माझं, खाली सही माझी. नाही म्हटलं तर हार्लंड लिहील, आणि माझा भिक्षू, माझे दोन नकलनवीस, सगळं त्याच्या नावावर. पाच वर्षांचं काम!
घरी येऊन भांडी आपटली. सा.बा. घाबरून विचारतात, भाजी बिघडली का?

१ डिसेंबर
सा.बा. परवा पुण्याला गेल्या. आज मजकूर टाइप होऊन आला. मलबारचा परिच्छेद मीच लिहिलाय. सही तेवढी राहिलीय. परवा ड्रायव्हर कागद न्यायला येईल.
ऋताला सांगितलं. लेक पंधरा वर्षांची, टीव्हीवरून नजर न काढता, "आई, जस्ट साइन इट. हू विल एव्हर चेक?"
चेक करील कुणीतरी. माझ्यासारखीच एखादी भिंग घेऊन बसेल आणि मला चोर म्हणेल. त्या भिक्षूलाही असंच कुणी म्हणालं असेल, लिही रे, कोण बघतंय.
पुण्याहून सा.बा.चा फोन. "तुझं नाव छापून येणार म्हणे. बघ, पूजेचं फळ मिळालं की नाही?" हो म्हटलं. काय सांगणार त्यांना?
कागद समोर आहे. इथे आल्यापासून माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर टाइप केलंय. मेलं दिसतंयही छान.