टेकच्या मध्ये कोण बोललं?

सोमवार, ४ मार्च
आजपासून इंटर्न. वय एकसष्ट. जाहिरातीचे व्हिडिओ बनवणारी कंपनी, मालकीण माझी जुनी विद्यार्थिनी. अजून 'बाई' म्हणते, मी खोलीत शिरले की उठून उभी राहते. सहा आठवडे शिकायचं, जमलं तर कायम नोकरी. जमणारच. मुख्याध्यापिका म्हणून नऊशे मुलं सांभाळली. इथे कॅमेरे फक्त दोन. सून म्हणाली, आई, तिथे कुणाला ओरडू नका. मी कधी ओरडते?
संकल्प: कमी बोलायचं, जास्त बघायचं.

बुधवार, ६ मार्च
पहिलं शूट. दातांचा दवाखाना. समाधानी पेशंट कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलणार. साउंडवाल्याने अचानक सगळ्यांना तीस सेकंद शांत राहायला सांगितलं. सगळे गप्प. मी उभी राहिले, मान खाली घातली, खुर्चीतल्या पेशंटलाही उठवलं. नंतर डॉक्टरांना हळूच विचारलं, घरातलंच कोणी होतं का? ते पांढरेफटक पडले. बाहेर जाऊन आईला फोन करून आले.
मग कळलं, रिकाम्या खोलीचा आवाजही रेकॉर्ड करतात, एडिटिंगला लागतो. आधी सांगायला नको? धडा पहिला: इथे पूर्वसूचनेची पद्धत नाही. सुरू करून द्यावी लागेल.

गुरुवार, १४ मार्च
दिग्दर्शक (वय अठ्ठावीस, दाढी आहे, घड्याळ नाही) पेशंटना 'मोकळेपणाने बोला' एवढंच सांगतो. अशाने कोण बोलणार? मी एकेकाला बाहेरच्या बाकावर घेऊन तयारी करून घेतली. सातही जणांनी एकच वाक्य न अडखळता म्हटलं. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. भारावला असावा. शिवाय मी नियम घालून दिला: टेकच्या मध्ये, म्हणजे कॅमेरा चालू असताना, कुणी बोलायचं नाही.

शुक्रवार, २२ मार्च
आजचे आजोबा हट्टी. नवी कवळी. सहा वर्षं तोंडावर हात धरून हसत होते म्हणे. तयारीला बसेनात, मी काय शाळेत आहे का, म्हणाले. कॅमेरा चालू असताना शेजारी बसलेल्या बायकोने काहीतरी चेष्टा केली आणि हात न लावता खळखळून हसले. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. हीच आपली जाहिरात, म्हणाला. मालकीण म्हणाली, डॉक्टरांना आवडलं तर वर्षभराचं काम आपलं. मग बाई, तुमचंही बघू.
म्हणजे पक्कं. सुनेला तसं सांगून टाकलं.

मंगळवार, २ एप्रिल
गोंधळ. एडिटर मुलगी म्हणते, आजोबांच्या हसण्यावरच मागून कुणीतरी बोललंय. आवाज काढता येत नाही. पुन्हा शूट केलं, पण आजोबा ठरवून हसेनात. नुसते दात दाखवतात.
मालकिणीला स्पष्ट सांगितलं, चौकशी झालीच पाहिजे. माझा संशय साउंडवाल्यावर. सदा कान झाकून बसणाऱ्याला आपण बोलतोय हे कळणार कसं? दोषी सापडला की त्याच दिवशी घरी. ती म्हणाली, जाऊ द्या ना बाई. म्हटलं, अशी गुळमुळीत राहिलीस तर कंपनी चालायची नाही. नववीतही तुझं हेच होतं.

बुधवार, ३ एप्रिल, दुपारी
सगळ्यांना एका खोलीत बसवलं. आवाज मोठा करून क्लिप लावायला सांगितली. आजोबा हसले आणि त्यावर कुणीतरी बोललं, "पाठ सरळ. आणि दात काय काढताय?"
मी म्हटलं, कोण ही बया? पत्रा फाटल्यासारखा आवाज. साउंडवाला स्वतःच्या बुटांकडे बघत होता. एडिटर मुलीने न सांगताच पुढची क्लिप लावली. मग त्याच्या पुढची. एकूण बावीस. बाविसाव्यात तोच आवाज सांगत होता, "टेकच्या मध्ये कुणी बोलायचं नाही."
ते वाक्य कुणाचं, हे मात्र मला आठवलं.
मालकीण म्हणाली, बाई, पाणी देऊ का?

सायंकाळी ७
सुनेने विचारलं, सापडला का तुमचा दोषी? म्हटलं, सापडला. मग काय केलंत? म्हटलं, घरी पाठवलं. बरं झालं, म्हणाली, असल्यांना तसंच पाहिजे. उद्या डबा किती वाजता देऊ?
म्हटलं, उद्या नको.